विश्लेषण : भर उन्हातही काळी अक्षरे काळीच का दिसतात? डोळा प्रकाश मोजतो की तुलना करतो?

बोगद्यात शिरताना क्षणभर काहीच दिसत नाही, मोबाइल उन्हात वाचता येत नाही, पण छापील वर्तमानपत्र उन्हातही सहज वाचता येते. या तिन्ही अनुभवांचे मूळ दृष्टिपटलावरील शंक्वाकार पेशींमध्ये आहे. या पेशी प्रकाशाचे नुसते मोजमाप करत नाहीत, तर आजूबाजूच्या प्रकाशाशी त्याची तुलनाही करतात.

काळ्या शाईचे कोडे काय?

भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. घरात दिव्याखाली तो ३०० लक्सच्या आसपास असतो. छपाईच्या काळ्या शाईने पाच टक्केच प्रकाश परतवला, तरी उन्हात तो ५ हजार लक्सइतका भरतो. घरातल्या पांढऱ्या कागदाने सगळा प्रकाश परतवला, तरी तो ३०० च्या वर जात नाही. म्हणजे उन्हातले काळे अक्षर घरातल्या कोऱ्या कागदाच्या १५ पटींहून अधिक प्रकाश डोळ्यात पाठवते. तरीही अक्षर काळे आणि कागद पांढराच दिसतो.

बाहुली लहान-मोठी होते, तेवढे पुरत नाही का?

नाही. बाहुलीचा व्यास साधारण २ ते ८ मिलिमीटरच्या दरम्यान बदलतो. त्यामुळे आत जाणारा प्रकाश जास्तीत जास्त १६ पटींनी कमी-अधिक होतो. चांदणी रात्र आणि भर दुपार यांच्या प्रकाशातला फरक मात्र कोट्यवधी पटींचा असतो. उरलेले काम दृष्टिपटलाला करावे लागते. तिथे सुमारे १२ कोटी दंडाकार आणि ६० लाख शंक्वाकार पेशी असतात. दंडाकार पेशी मंद प्रकाशात उपयोगी पडतात. दिवसा बारकावे आणि रंग दिसतात ते शंक्वाकार पेशींमुळे.

प्रकाश पडल्यावर या पेशीत काय घडते?

अपेक्षेच्या उलटे घडते. अंधारात शंक्वाकार पेशी ग्लुटामेट हे रसायन सतत सोडत असते. प्रकाश पडला की तिच्या आवरणातील विद्युतभारित कणांचे मार्ग बंद होतात आणि रसायनाचा ओघ कमी होतो. हा कमी झालेला ओघ म्हणजेच ‘प्रकाश आला’ हा संदेश. प्रखर प्रकाश टिकून राहिला, तर पेशी आपली संवेदनशीलता उतरवते. त्यामुळे तिची क्षमता लगेच संपत नाही.

शेजारच्या प्रकाशाची खबर कशी लागते?

शंक्वाकार पेशींच्या टोकांशी क्षैतिज पेशींचे आडवे जाळे असते. एक क्षैतिज पेशी अनेक शंक्वाकार पेशींशी जोडलेली असते. आसपास किती प्रकाश आहे, याची गोळाबेरीज करून ती प्रत्येक शंक्वाकार पेशीला उलट संदेश देते. भोवती प्रकाश वाढला की त्या पेशीचा प्रतिसाद मागे खेचला जातो. बेलर, फुऑर्टेस आणि ओब्रायन या संशोधकांनी १९७१ मध्ये कासवाच्या डोळ्यातील एकेका शंक्वाकार पेशीचे विद्युत संदेश टिपून हा परिणाम दाखवला. 

काळ्या अक्षराभोवती लख्ख कागद असतो, म्हणून अक्षराचा प्रकाश ‘शेजाऱ्यांपेक्षा कमी’ अशीच नोंद पुढे जाते. हे काम दृष्टिपटलाच्या पहिल्याच टप्प्यावर सुरू होते. पुढचा अर्थ मेंदू लावतो.

मग मोबाइल उन्हात का दिसत नाही?

ऊन वाढले की कागदाची उजळणीही वाढते. पडद्याच्या उजेडाला मात्र मर्यादा असते. मोबाइलमधील सेन्सर प्रकाश पाहून पडदा उजळ करतो, पण तोही त्या मर्यादेपर्यंतच. पेशी मात्र आसपासच्या उन्हाला सरावलेल्या असतात. त्यात काचेवर पडणाऱ्या उन्हामुळे काळा भागही पांढुरका होतो आणि फरक पुसट होतो. रात्री अंधाऱ्या खोलीत हाच पडदा डोळ्यात खुपतो, कारण तेव्हा पेशी अंधाराला सरावलेल्या असतात.

बोगद्यातील धोका कोणता?

तुलना करण्याची ही यंत्रणा जुळवून घ्यायला वेळ घेते. लख्ख प्रकाशातून पूर्ण अंधारात गेल्यावर शंक्वाकार पेशींना पुरते सावरायला साधारण १० मिनिटे, तर दंडाकार पेशींना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. म्हणूनच बोगद्याच्या तोंडाशी दिवसा अधिक प्रखर दिवे लावण्याची आणि आत ते हळूहळू मंद करत नेण्याची पद्धत आहे. चालकाने गॉगल आधीच काढावा, वेग कमी करावा आणि पुढच्या गाडीपासून अंतर वाढवावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

क्षणभर दिपणे स्वाभाविक आहे. पण प्रखर प्रकाशानंतर दृष्टी पूर्ववत व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा आजार असू शकतो. समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसत असतील, तर मोतीबिंदूची शक्यता असते. अशा वेळी चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे समजून थांबू नये. नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी आणि तोपर्यंत रात्रीचे वाहन चालवणे टाळावे.