गाडीतळावरचे नाटक



दरवर्षी या पानावर आम्ही बेणेप्रक्रिया, लागण, खतमात्रा आणि खोडवा व्यवस्थापन यांविषयी लिहितो. या अंकात नाटकाविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याला नाटकाशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण हकीगत शेवटपर्यंत वाचावी आणि मग आम्हाला बोल लावावा, एवढी विनंती.

गेल्या ऑफ-सीझनमध्ये एका गटात आम्ही 'पाचट जाळू नका' या विषयावर ऊस पीक परिसंवाद घेतला. रिक्षा फिरवली, मंडप घातला, चहा सांगितला. माणसे आली एकवीस. त्यातले आठ आपलेच शेतकी मदतनीस आणि स्लिपबॉय. पडद्यावर सेंद्रिय कर्बाचे आकडे चालू असताना मागच्या रांगेत दोघांना डुलकी लागली होती. त्यातला एक आमच्याच खात्याचा होता, हे कबूल केले पाहिजे.

कार्यक्रम संपल्यावर प्रोजेक्टरची वायर गुंडाळू लागलेली एका सभासदाची कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, "साहेब, तुम्ही सांगता ते सगळ्यांना पाठ आहे. पाचट का जाळावं लागतं, त्यावर मात्र कुणीच बोलत नाही."

"का जाळतात?" आम्ही विचारले.

"तोड उशिरा येते म्हणून. पुढचं पीक मागे पडतं, मग काडी लावून मोकळे होतात. याचं नाटक करू का आम्ही?"

आम्ही हो म्हटले. त्या वेळी त्यात काय काय येणार, याची आम्हाला कल्पना नव्हती.

जागेवरून वाद

मुले सात जमली. सभासदांची चार, एक ट्रॅक्टर ड्रायव्हर, एक प्राथमिक शिक्षक आणि तोडणीच्या टोळीबरोबर येऊन इथेच राहिलेल्या कुटुंबातला एक पोरगा. आम्ही त्यांना कारखान्याचे सभागृह देऊ केले. पंखे आहेत, माईक आहे, खुर्च्या आहेत. त्यांनी नको म्हटले. त्यांना गाडीतळ पाहिजे होता.

ती मुलगी म्हणाली, "सभागृहात माणसं पाहुण्यासारखी बसतात. गाडीतळावर त्यांनी रात्री काढल्यात."

आम्ही मनात म्हटले, हे काहीतरी शहरी खूळ दिसते. नंतर शिक्षक महाशयांनी माहिती दिली आणि आम्हीही थोडे वाचले, तेव्हा आमचे अज्ञान आम्हाला कळले.

हे खूळ जुने आहे

आपल्याकडे गोंधळ अंगणात होतो, भारूड देवळापुढे होते, कोकणात दशावतार देवळाच्या आवारात रात्रभर चालतो. महात्मा फुल्यांनी १८५५ साली शेतकऱ्याच्या फसवणुकीवर 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि पुढे सत्यशोधकी जलसे गावोगाव फिरले. त्यांना थिएटर कुठले? चार माणसे गोल उभी राहिली की झाली रंगभूमी.

शहरातल्यांनाही तेच करावे लागले. प्रायोगिक नाटक करणाऱ्यांना मुंबईतल्या मोठ्या नाट्यगृहांची भाडी परवडत नव्हती. १९७४ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या 'आविष्कार' संस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. ते नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. मराठी नाटकातला एक अख्खा कालखंड आज 'छबिलदास चळवळ' म्हणून ओळखला जातो, म्हणजे एका शाळेच्या नावाने.

कोलकात्याचे बादल सरकार पेशाने इंजिनियर. नाटककार म्हणून देशभर नाव झाल्यावर सत्तरीच्या दशकात त्यांनी पडदा, रंगमंच आणि महागडी प्रकाशयोजना सोडून दिली. साधी खोली, बाग, खेड्यातले मैदान, जिथे माणसे तिथे नाटक. प्रेक्षक चहूबाजूंनी आणि नट त्यांच्यामधून वावरणार. याला त्यांनी 'तिसरी रंगभूमी' म्हटले. सुंदरबनात जंगल तोडून शेती उभी करणाऱ्या गरीब माणसावर त्यांनी 'भोमा' हे नाटक केले. त्यांचे 'मिछिल' मराठीत 'जुलूस' म्हणून आले.

दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे उदाहरण कारखानदारीतल्या माणसाने तर लक्षात ठेवावे असे आहे. १९७८ साली त्यांनी 'मशीन' हे पहिले पथनाट्य केले. गाझियाबादकडच्या एका कारखान्यातले कामगार दोनच गोष्टी मागत होते, सायकली ठेवायला जागा आणि चहासाठी कँटीन. त्या झगड्यात कामगारांचे जीव गेले. नाटक पंधरा मिनिटांच्या आतले. नेपथ्य शून्य. नटच एकमेकांत हातपाय गुंतवून यंत्र होतात, तोंडाने घरघर करतात आणि एकाएकी यंत्र बंद पडते. का बंद पडले, हे शोधणे म्हणजे नाटक.

अशा नाटकाची किंमतही मोजावी लागते. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ झंडापूर येथे प्रयोग चालू असताना या मंडळींवर हल्ला झाला. सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी मरण पावले. एका कामगाराचाही जीव गेला. ४ जानेवारीला सफदर यांच्या पत्नी मलयश्री आणि त्यांचे सहकारी त्याच जागी परत गेले आणि अर्धवट राहिलेले नाटक पूर्ण केले. नाट्यगृह बदलता येते. ती जागा त्यांना बदलायची नव्हती.

प्रयोगाचा दिवस

आपल्या मुलांनी चुन्याने वीसेक फुटांचे रिंगण आखले. एक कोयता, एक मोळीचा दोर, वजनकाट्यावरचे जुने स्टूल, एवढेच सामान. माईक नाही. गाडीतळावर संध्याकाळी दोनशेच्या वर माणसे जमली. बायका टायरगाड्यांवर बसल्या, पोरे ट्रॉलीवर चढली.

नाटक पंचवीस मिनिटांचे. एका बारक्या शेतकऱ्याच्या उसाची नोंद वेळेवर झाली आहे. तो रोज गट ऑफिसला येतो. रिंगणात एक साहेब उभा आहे. काखेत डायरी, डोक्यावर टोपी, कानाला फोन. शेतकऱ्याला म्हणतो, "बघू, करू." फोनवर म्हणतो, "हो दादा, उद्याच टोळी पाठवतो." शेतकरी गेला की परत, "बघू, करू." इकडे नट एकमेकांच्या खांद्यावर चढून उसाचे तुरे होतात, वाकतात आणि शेवटी आडवे होतात.

मंडळी, ती टोपी आमची होती. डायरी धरायची लकब आमची होती. 'बघू, करू' हे तर आमचेच. सगळा गाडीतळ हसत होता आणि वळून वळून आमच्याकडे पाहत होता. सभागृहात असतो तर पहिल्या रांगेत, अंधारात, पाहुण्यांच्या शेजारी बसलो असतो. इथे उजेड होता आणि लोक आमच्या समोर होते. तोंड लपवायला विंगसुद्धा नव्हती.

नाटक संपले, टाळ्या झाल्या. लोक उठू लागले तेवढ्यात एक वयस्क सभासद मावशी रिंगणात आल्या. त्या नाटकात नव्हत्या.

"पोरांनी दावलं ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "माझा ऊस तुरा येऊन दोन महिने हुबा हुता. नंबर माझा आधी, तोड मागनं. वजन किती घटलं ते सायबांनी सांगावं."

आम्ही सांगितले. सांगणे भाग होते. तुरा आलेला ऊस फार काळ उभा राहिला की पांगशा फुटतात, दशी पडते, वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे आम्ही शंभर परिसंवादांत सांगितले आहे. त्या संध्याकाळी तेच वाक्य बोलताना आमची जीभ जड झाली. त्यांचा नंबर मागे का गेला, हे आम्हाला ठाऊक होते. फोन आला होता आणि आम्ही तो ऐकला होता. रिंगणात उभे राहून आम्ही तेवढेही कबूल केले.

दुसऱ्या दिवशी काही जाणत्या मंडळींचा निरोप आला की, हा प्रयोग पुन्हा नको, खात्याची बदनामी होते. आमच्याही मनात क्षणभर तेच आले होते. मग विचार केला, की पाचटाच्या परिसंवादाला एकवीस माणसे आली आणि इथे दोनशेवर आली ती खोट्यासाठी आली नव्हती. आम्ही टोपी मुलांकडेच राहू दिली. पुढचे चार प्रयोग चार गटांत झाले. आणि आता लागण तारखेप्रमाणे तोडणीची यादी दर पंधरवड्याला गट ऑफिसच्या फळ्यावर लागते. नंबर पुढेमागे झाला तर कारण शेजारी लिहावे लागते. मावशींचे गेलेले वजन काही त्यामुळे परत आलेले नाही.

आणि सिनेमा

सिनेमा म्हटला की आपल्याला लाखोंचा खर्च दिसतो. पण सहकारातल्या माणसाला 'मंथन' माहीत असावा. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगल यांनी तो चित्रपट खेड्यात राहून केला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. आपला सिनेमा म्हणून शेतकरी ट्रक भरभरून पाहायला गेले. आणि करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी विद्यार्थी असताना केलेला 'पिस्तुल्या' हा लघुपट. शाळेची ओढ असलेल्या गरीब पोराची जेमतेम पंधरा मिनिटांची गोष्ट, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आपल्या मुलांनी मोबाइलवर सहा मिनिटांची फिल्म केली. कोपीतला एक पोरगा पहाटे तीनला आईवडिलांबरोबर फडात जातो आणि त्याची शाळेची पिशवी कोपीत टांगलेली राहते, एवढीच. साखर गोदामाच्या भिंतीवर धोतर ताणून ती दाखवली. पाहून एका सभासदाने विचारले, "हा आपल्याच फडातला का?" हो, आपल्याच.

करू इच्छिणाऱ्यांसाठी

१. हंगाम चालू असताना गाडीतळावर, काट्याजवळ किंवा गव्हाणीशी प्रयोग किंवा शूटिंग अजिबात करू नये. वाहनाला नाटक कळत नाही. ऑफ-सीझन आपलाच आहे. सुरक्षा विभागाला आणि लागेल तिथे पोलीस ठाण्याला आधी कळवावे.

२. वीस फुटांचे रिंगण, अर्ध्या तासाच्या आतले नाटक. आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो का, ते रिकाम्या मैदानावर आधी पाहावे. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बोलावे.

३. फिल्ममध्ये चित्रापेक्षा आवाज जास्त फसतो. मोबाइल बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर धरावा, इंजिन आणि पंप बंद ठेवावा.

४. मजुरांचे, विशेषतः लेकरांचे चित्रण आईबापांना विचारल्याशिवाय करू नये. आणि झालेली फिल्म सर्वांत आधी त्यांना दाखवावी. आपल्या मुलांनी तसेच केले.

५. दुसऱ्याचे लिहिलेले नाटक करायचे तर लेखकाची परवानगी घ्यावी. शक्यतो आपले आपण रचावे. विषय बांधावर पुष्कळ आहेत.

६. प्रयोगानंतर लोकांना बोलू द्यावे. निम्मे नाटक तिथेच असते.

असो. येत्या ऑफ-सीझनला प्रत्येक गटातून एक नाटक उभे राहावे, अशी आमची इच्छा आहे. मुलामुलींनी आपली नावे गट ऑफिसात नोंदवावीत. ठिबकचे पाणी, काट्याचे वजन, तोडीची खुशाली, मुकादमाची उचल, कोणताही विषय चालेल. त्यात शेतकी खाते येणार असेल तर लपवू नये. आमच्याकडे दुसरीही एक टोपी आहे, लागली तर ती घेऊन जावी.

आपला,
ऊस विकास अधिकारी