अण्वस्त्रप्रसारबंदीच्या वाटाघाटी आणि तारापूरचे इंधन

अण्वस्त्रप्रसारबंदीच्या व्यवस्थेचे अभ्यासक बहुधा जिनीव्हा, वॉशिंग्टन व मॉस्को येथील वाटाघाटींकडे पाहतात. परंतु तिचे यथार्थ स्वरूप महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील तारापूर अणुवीजकेंद्राच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे दिसते.

१९६२ साली जिनीव्हा येथे अठरा राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण समितीचे काम सुरू झाले. भारत तिचा सदस्य होता. नाटोच्या नियोजित संयुक्त अण्वस्त्रदलात पश्चिम जर्मनीस वाटा मिळावा, हे सोव्हिएत संघास मान्य नव्हते. ती योजना मागे पडल्यावर तडजोडीचा मार्ग मोकळा झाला व ऑगस्ट १९६७ मध्ये उभय महासत्तांनी एकसारखे मसुदे समितीपुढे ठेवले. तपासणीविषयक तिसरे कलम मात्र त्यांत कोरेच होते. १ जुलै १९६८ रोजी करार स्वाक्षरीसाठी खुला झाला. १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेल्या राष्ट्रांनाच त्याने अण्वस्त्रधारी मानले. १९६४ साली स्फोट केलेला चीन त्यांत बसला. इतरांनी अण्वस्त्रे वर्ज्य करावयाची. अण्वस्त्रधाऱ्यांनी मात्र निःशस्त्रीकरणासाठी केवळ सद्भावनेने वाटाघाटी करावयाच्या, ही विषमता भारताने अमान्य केली व करारावर सही केली नाही.

तत्पूर्वीच, १९६३ साली, भारत व अमेरिका यांच्यात तारापूरसंबंधी तीस वर्षांचा करार झाला होता. अमेरिकेने समृद्ध युरेनियम पुरवावे व भारताने तेच वापरावे, असे त्यात ठरले. केंद्रावर आंतरराष्ट्रीय देखरेखही भारताने मान्य केली. १९६९ साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली.

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने अणुस्फोट केला. त्यात तारापूरचे इंधन वापरलेले नव्हते. तथापि परिणाम तारापूरलाच भोगावा लागला. १९७५ साली लंडन येथे पुरवठादार राष्ट्रांच्या बैठका सुरू झाल्या व शीतयुद्धातील प्रतिस्पर्धी असूनही अमेरिका आणि सोव्हिएत संघ तेथे एकत्र बसले. पुढे १९७८ च्या अमेरिकी कायद्याने अशी अट घातली की, ग्राहक राष्ट्राने आपली सर्व अणुकेंद्रे तपासणीस खुली केल्याखेरीज त्यास इंधन देऊ नये. येथे मूलभूत प्रश्न उपस्थित झाला: एका पक्षाचा नंतरचा देशांतर्गत कायदा पूर्वीच्या द्विपक्षीय कराराहून श्रेष्ठ मानावयाचा काय?

भारताची भूमिका अशी होती की, पुरवठा थांबल्यास करार मोडला जाईल व त्याखालील भारताची बंधनेही उरणार नाहीत. देखरेख सुटण्याची ही शक्यता अमेरिकेलाही परवडणारी नव्हती. म्हणून १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अडतीस टन इंधनास अनुमती दिली. सिनेटमध्ये तिला अवघ्या दोन मतांच्या आधिक्याने पाठिंबा मिळाला. अखेर १९८२ साली इंधन फ्रान्सने द्यावे व देखरेख चालू राहावी, अशी तडजोड झाली.

तात्पर्य, महासत्तांचे मतैक्य नियम घडवू शकते. परंतु ते नियम टिकविण्यासाठी त्यांना बाहेरच्या राष्ट्राशीही देवघेव करावी लागते. तारापूरने हेच दाखवून दिले.