चित्रपट पाहिल्यानंतरचे बोलणे

चित्रपट पाहून झाल्यावर त्याविषयी चार समानधर्मी माणसांशी मोकळेपणाने बोलल्यावाचून तो पुरता पाहिला असे म्हणता येत नाही, असे माझे मत आहे. आणि परदेशांतील संथ गतीच्या, कथानकाची फारशी पर्वा न करणाऱ्या चित्रपटांच्या बाबतीत तर ते मला विशेष खरे वाटते. आपल्या नित्य परिचयाच्या बोलपटांतील विरह-मीलनाचे संकेत बालपणापासून अंगवळणी पडलेले असतात, म्हणून तेथे कोणी काही उलगडून सांगण्याची गरज भासत नाही. परंतु एखादा इटालियन किंवा जपानी दिग्दर्शक ते संकेत बाजूला सारतो, तेव्हा एकटा बसलेला प्रेक्षक गोंधळतो, आणि 'हे आपल्यासाठी नव्हे' असा निकाल देऊन मोकळा होतो.

हा निकाल किती उतावळा असू शकतो, याचा मोठा दाखला १९६० साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात घडला. मायकेलअँजेलो अँतोनिओनी यांचा 'लाव्हेंतुरा' तेथे प्रथम दाखवला गेला. नौकाविहारास निघालेल्या धनिक मंडळींपैकी ॲना नावाची तरुणी एका खडकाळ बेटावर नाहीशी होते. तिचा शोध घेता घेता तिचा प्रियकर आणि तिची मैत्रीण एकमेकांकडे ओढली जातात. आणि ॲनाचे पुढे काय झाले, हे चित्रपट अखेरपर्यंत सांगतच नाही. प्रेक्षागृहाने हुर्यो उडवली. तथापि लगेच रोबेर्तो रोसेलिनी यांच्यासह अनेक दिग्दर्शकांनी व समीक्षकांनी या कृतीविषयी आदर व्यक्त करणारे जाहीर पत्रक काढले, परीक्षक मंडळाने तिला विशेष पारितोषिक दिले, आणि अवघ्या दोन वर्षांनी 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा जगातील सर्वोत्तम चित्रपटांत ती 'सिटिझन केन'च्या खालोखाल दुसऱ्या स्थानी आली. या दोन वर्षांत चित्रपटात तसूभरही फरक झालेला नव्हता. बदलले होते ते पाहणाऱ्यांचे प्रश्न. 'ॲना गेली कोठे?' असे एकाने विचारावे, आणि पडद्यावरची माणसेही हळूहळू तिला विसरत चालली आहेत, हे विसरणेच येथे चित्रित झाले आहे, असे दुसऱ्याने दाखवून द्यावे, म्हणजे मग तोच चित्रपट नव्या डोळ्यांनी पाहता येतो.

आपल्या देशात असे बोलण्याची जागा फिल्म सोसायट्यांनी निर्माण केली. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता व त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात अशी संस्था काढली आणि आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'ने तिचा आरंभ केला. १९५२ च्या जानेवारीत मुंबईस देशातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तेथे दाखवलेल्या 'बायसिकल थीव्हज'चा ठसा पुढच्याच वर्षीच्या बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'वर उमटलेला दिसतो. १९५९ साली सोसायट्यांचा महासंघ झाला व राय त्याचे अध्यक्ष झाले. केवळ सभासदांसाठी होणाऱ्या खेळांना सेन्सॉरच्या दाखल्यातून सरकारने मुभा दिली होती, आणि कात्री न लागलेली दृश्ये पाहण्यापुरतेच काही सभासद येत, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांच्यामुळे बाकीच्यांच्या निष्ठेला बाध येतो असे मी मानीत नाही.

या चळवळीचा एक भक्कम आधार पुण्यात होता. 'प्रभात'च्या जुन्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी तेथे जमवलेल्या प्रती गावोगावच्या सोसायट्यांकडे रवाना होऊ लागल्या. मुंबईतील 'प्रभात चित्र मंडळा'चा जन्म १९६८ सालचा. इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापक सतीश बहादूर 'पथेर पांचाली'चे एकेक दृश्य सुटे करून शिकवीत. त्यांच्या या रीतीत रसास्वादाचे सर्वांत मौलिक शिक्षण आहे असे मला वाटते, कारण 'आवडला' किंवा 'कंटाळवाणा' हा अभिप्राय देण्यापूर्वी पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसले आणि काय ऐकू आले, याची जबानी देणे ती रीत भाग पाडते.

उदाहरणार्थ, यासुजिरो ओझू यांच्या १९४९ च्या 'लेट स्प्रिंग'मधील क्योतोच्या धर्मशाळेतली रात्र घ्यावी. लग्न होऊन लवकरच दुरावणारी मुलगी वडिलांशेजारी पडली आहे. वडिलांना झोप लागली आहे. तिच्या ओठांवर मंद स्मित आहे. मध्येच एक फुलदाणी दिसते, मागे कागदी पडद्यावर बांबूच्या सावल्या. पुन्हा मुलगी दिसते तेव्हा तिचे डोळे भरून आलेले असतात. आणि पुन्हा फुलदाणी. त्या फुलदाणीत मुलीचे न बोललेले दुःख साठले आहे असे कोणी म्हणतात. मधल्या काळाचा प्रवाह तेथे दाखवला आहे असे दुसऱ्यांचे प्रतिपादन. फुलदाणीला स्वतंत्र अर्थच नाही, दिग्दर्शकाने आपली नजर क्षणभर मुलीवरून काढून घेतली इतकेच, असाही पक्ष आहे. जाणत्या अभ्यासकांत हा वाद कित्येक वर्षे चालू आहे. मला यांपैकी तिसरा पक्ष अधिक पटतो. तरी पहिल्या दोघांचे म्हणणे कानी आले नसते, तर त्या फुलदाणीकडे माझे लक्षच गेले नसते.

असे चित्रपट मूठभर शहरी विद्वानांसाठीच असतात, हा आक्षेप घेणाऱ्यांनी कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्याचा वृत्तांत अवश्य समजून घ्यावा. के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'निनासम' या नाट्यसंस्थेने तेथे १९७३ साली फिल्म सोसायटी काढली, आणि शेतीवाडी करणाऱ्या मंडळींना राय व कुरोसावा यांच्या कृती दाखवल्या. बहादूर आणि नायर हे दोघेही तेथे जाऊन रसास्वादाचे वर्ग घेत. सुब्बण्णा यांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडील तालुक्याच्या गावांत सभागृहे आहेत, वाचनालये आहेत, यंत्रसामग्रीही पूर्वीपेक्षा कितीतरी सुलभ झाली आहे. तेव्हा महिन्यातून एक चित्रपट दाखवून पुढे तासभर सर्वांना बोलू देण्याची तजवीज एखाद्या वाचनालयाच्या चालकांनी करण्यास मला तरी कोणतीही हरकत दिसत नाही.