गुणांविना गणित, परीक्षेविना विज्ञान

मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत गेली, की विज्ञान-गणितासाठी बहुतेक घरांत पहिला उपाय होतो तो क्लास लावण्याचा. शाळेत झालेला धडा क्लासमध्ये पुन्हा होतो, प्रश्नसंचांत तिसऱ्यांदा. यातून गुण वाढतात आणि ते वाढायलाही हवेत; पण गोडी लागेलच असे नाही. गोडी लागते ती न सुटणाऱ्या प्रश्नाशी झटताना. अभ्यासक्रम संपवायच्या घाईत शाळेला आणि क्लासला नेमका त्यासाठीच वेळ नसतो. हा वेळ देऊ शकते ते शाळेबाहेरचे विज्ञान मंडळ किंवा गणित मंडळ. अशी मंडळे गावोगावी हवीत आणि ती क्लासची नक्कल होता कामा नयेत, असे मला ठामपणे वाटते.

अशा मंडळात काय होऊ शकते, याचे एक साधे उदाहरण पाहू. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी एवढ्याच सामानातून भूमितीच्या आकृत्या करण्याची पद्धत अरविंद गुप्ता यांनी देशभर पोहोचवली. काड्यांचा गुल खरवडायचा आणि नळीच्या छोट्या तुकड्यांनी काड्या जोडायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण टेबलावर ठेवून कसाही ढकलला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोट लागताच कलंडतो. कर्णाच्या जागी एक लांब काडी बसवली की तोही ताठ होतो. पंचकोनाला अशा दोन काड्या लागतात, षटकोनाला तीन. मग सप्तकोनाला किती? मुले चार म्हणतात, करून पाहतात आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो: दर वेळी बाजूंपेक्षा तीनच कमी का? एका शिरोबिंदूतून निघणारे कर्ण बहुभुजाकृतीचे त्रिकोण पाडतात, हे मुलांच्या स्वतःच्या लक्षात यायला कधी तासभर लागेल, कधी दोन रविवार. पण त्यानंतर विजेच्या टॉवरवरच्या तिरक्या पट्ट्या त्यांना वेगळ्या दिसतात.

सावकाश विचार करायला लावणाऱ्या अशा उपक्रमांचे मोल हंगेरीने फार आधी ओळखले. तिथे १८९४ मध्ये शाळकरी मुलांसाठी गणिताचे मासिक सुरू झाले. प्रश्न छापायचे, मुलांनी घरी महिनाभर डोके चालवायचे आणि चांगली उत्तरे नावानिशी प्रसिद्ध व्हायची. पुढे जगप्रसिद्ध झालेले गणिती पॉल एर्डिश शाळेत असताना याच मासिकाला उत्तरे पाठवत. आपल्याकडेही ही परंपरा नवी नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली, तर गणिताला वाहिलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान १९७६ मध्ये. पुण्यातच ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. रस असलेल्या माणसांच्या सहवासात विषय शिकता येतो, हे या संस्थांच्या कामातून दिसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्यांना मुळातच आवड आहे तीच मुले मंडळात येतात. मग त्यांच्या प्रगतीचे श्रेय मंडळाला कसे द्यायचे? एर्डिश मासिकाविनाही गणितीच झाले असते, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु आवड असणे आणि ती टिकणे यांत फरक आहे. वर्गात एकट्या पडलेल्या मुलाला आपल्यासारखे आणखी चौघे भेटले, तर तेरा-चौदाव्या वर्षी ती आवड विझत नाही. या आक्षेपातून धडा घ्यायचा तो वेगळा: प्रवेश परीक्षा घेऊन निवडक मुलांची मंडळे काढू नयेत. दार सर्वांना उघडे हवे, शुल्क नसावे आणि जागा मुलींना निर्धास्तपणे येता येईल अशी असावी.

दुसरा आक्षेप पालकांचा: दहावीचे वर्ष तोंडावर असताना हे कशाला? आठवड्याचे दोन तास हे फार मोठे दान नाही. शिवाय ‘असे का?’ विचारायची सवय लागलेल्या मुलाला पाठांतराचे ओझे कमी वाटते. तिसरी अडचण साधनांची आणि शिकवणाऱ्यांची. काड्या आणि रबरी नळीला खर्च तो किती? शिकवायला निवृत्त शिक्षक, अभियंते, महाविद्यालयीन विद्यार्थी चालतील. त्यांना प्रत्येक उत्तर यायलाच हवे असे नाही. ‘मला माहीत नाही, शोधू या’ असे मुलांसमोर म्हणता आले पाहिजे.

म्हणून ग्रंथालयांनी, गणेश मंडळांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी रविवारचे दोन तास आणि एक खोली या कामाला द्यावी. आणि पालकांनी, मंडळातून घरी आलेल्या मुलाला ‘किती गुण मिळाले?’ असे विचारू नये. आज कोणता प्रश्न सुटला नाही, हे विचारावे.