‘तो आमचा नाही, ठेकेदाराचा माणूस आहे’

विजेच्या खांबावर चढलेला पोरगा शॉक लागून खाली पडला, की तो दवाखान्यात पोचण्याआधी हे वाक्य त्याच्या घरी पोचतं. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, पांढुर्णा-सौसरच्या नगरपालिकांत किंवा वीज कंपनीत ठेक्यावर राबणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: कायदा हे वाक्य मानत नाही.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं कलम 12 स्पष्ट होतं. संस्थेने आपलं नेहमीचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं आणि त्यात मजूर दगावला किंवा जायबंदी झाला, तर भरपाई थेट त्या संस्थेकडे मागता येते. ती रक्कम नंतर ठेकेदाराकडून वसूल करणं हा त्या दोघांतला हिशेब. 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रम संहिता लागू झाल्या, तरी हे तत्त्व सामाजिक सुरक्षा संहितेत टिकून आहे. ठेका कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी मात्र 20 मजुरांची मर्यादा 50 वर गेली. लहान गावातल्या ठेक्यावर पन्नास माणसं क्वचितच असतात, म्हणून मला हा बदल घातक वाटतो. भरपाईच्या हक्काला मात्र अशी संख्येची अट नाही.

ही जबाबदारी संस्थेवर टाकणं न्याय्यच आहे. लाइनचा पुरवठा बंद करण्याचा खटका ठेकेदाराच्या हातात नसतो. परमिट द्यायचं कंपनीच्या माणसाने, फीडर बंद करायचा उपकेंद्रातून, पुन्हा चालू करायचा तोही तिथूनच. वर चढलेल्याचा जीव ज्याच्या हुकमावर अवलंबून आहे, त्याला ‘माणूस माझा नाही’ म्हणता येणार कसं? मध्य प्रदेश वीज मंडळाच्याच एका प्रकरणात, पावसाळी रात्री रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वार गेला. तार दुसऱ्याच कुणी वीजचोरीसाठी ओढली होती, हा मंडळाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये फेटाळला. इतकी धोकादायक वस्तू हाताळणाऱ्याची चूक सिद्ध झाली नाही, तरी जबाबदारी त्याचीच राहते.

गटारांबाबत न्यायालयं आणखी कडक आहेत. दिल्ली जल बोर्डाच्या प्रकरणात 2011 मध्ये ठेकेदाराच्या सफाई कामगारांची जबाबदारी बोर्डावरच आली. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याच्या कलम 7 नुसार कोणत्याही स्थानिक संस्थेला माणूस गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी उतरवताच येत नाही, स्वतः नाही आणि ठेकेदाराकरवीही नाही. मृत्यू झाल्यास 2014 मध्ये 10 लाख ठरले होते, ते 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने 30 लाख झाले. गोवंडीच्या एका खासगी सोसायटीत डिसेंबर 2019 मध्ये तीन कामगार गेले. तिथेही मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये राज्य सरकारला सांगितलं, आधी तुम्ही द्या, मग दोषींकडून वसूल करा.

अडचण पुराव्याची असते. ठेकेदार हजेरी दाखवत नाही, नेमणुकीचा कागद नसतो. अशा वेळी कामावर बोलावणारा व्हॉट्सॲप मेसेज, खात्यात जमा झालेली मजुरी, सोबत्यांचे जबाब, पोलिसांचा पंचनामा हे सगळं जपून ठेवावं. कामाच्या आदेशाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. ठेकेदाराने पुढे केलेल्या कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. दाव्याची मुदत दोन वर्षांची असते. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या घरांसाठी आणखी एक सोय आहे: पोरगा नागपुरात कामावर असताना दगावला, तरी दावा घरचे राहतात तिथल्या अधिकाऱ्यापुढे लावता येतो.