कमला खान परत येणार, हे मुलींना आधीच कसं कळलं?

३१ मे २०२३ रोजी अमेरिकेत ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ या चित्रकथेचा २६ वा अंक बाजारात आला आणि त्यात कमला खान मेली. दोन आठवड्यांनी आपल्या सातारा-सांगलीकडच्या शाळा उघडल्या. माझ्या नववीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात या मौतीची चर्चा सुरू झाली. मूळ अंक एकीनेही पाहिलेला नव्हता. कुणाला पुण्यात शिकणाऱ्या भाईजानने सांगितलं होतं, कुणी मोबाइलवर हिंदीत गोष्ट समजावून सांगणारे व्हिडिओ पाहिले होते. आणि कमला परत येणार की नाही, यावर मधल्या सुट्टीत दोन तट पडले होते.

ज्या अम्मी-अब्बूंना ही कमला कोण हे माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. ती कथेतली मुलगी आहे. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत राहते, आईवडील कराचीहून तिकडे गेलेले. अब्बू युसूफ, अम्मी मुनीबा, मोठा भाऊ आमिर, जो घरात सर्वांत जास्त दीनदार. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘मिस मार्व्हल’ या नावाने तिची स्वतःची मालिका सुरू झाली. संपादक सना अमानत पाकिस्तानी वंशाच्या, लेखिका जी. विलो विल्सन यांनी तरुणपणी इस्लाम स्वीकारलेला. पहिल्या संग्रहाला २०१५ चा ह्युगो पुरस्कार मिळाला. कमलाला अंग हवं तेवढं ताणता येतं, मूठ घराएवढी करता येते आणि दुसऱ्याचं रूपही घेता येतं. पण आमच्या मुलींना ती आवडते ती वेगळ्याच कारणाने. रात्री बाहेर जायला घरातून परवानगी मिळत नाही आणि ती खोलीत बसून आपल्या आवडत्या वीरांच्या गोष्टी स्वतःच लिहीत असते. किती जणांना आवडल्या, तेही मोजते. म्हणजे चाहत्यांनी पुढच्या कथेचे अंदाज बांधायचे, हा जो उद्योग आमच्या वर्गात चालला होता, तोच कमलाचाही उद्योग.

आता अंदाजांकडे येते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

पहिला अंदाज साधा होता. कमलाचं शरीर मूळ रूपात परत आलं की जखम भरून येते, हे तिच्या सुरुवातीच्या अंकांतच दाखवलेलं. मरताना तिने स्पायडर-मॅनच्या मेरी जेनचं रूप घेतलं होतं, मेरी जेनला वाचवण्यासाठी. मग मूळ रूपात आल्यावर ती वाचायला हवी होती! प्रश्न बिनतोड होता. पण अंकात ती मूळ रूपात येते आणि तरीही मरते. लेखकाने मागचं वाचलं नव्हतं की वाचूनही सोडून दिलं, यावर मुलींनी फार कडक शब्द वापरले, ते इथे लिहीत नाही.

दुसरा अंदाज मांडणारी मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही. तिचं म्हणणं असं: त्या काळात ‘एक्स-मेन’च्या कथांमध्ये मेलेल्या म्युटंट लोकांना पुन्हा जिवंत करण्याची व्यवस्था होती, २०१९ पासून. कमला म्युटंट नव्हती, चित्रकथेत ती ‘इनह्युमन’ नावाच्या वेगळ्या जमातीची. पण २०२२ च्या जुलैमध्ये तिच्या टीव्ही मालिकेचा शेवटचा भाग आला, त्यात ‘म्युटेशन’ हा शब्द उच्चारला गेला. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचा नवा सिनेमा येणार होता. मग छापील कमलाही पडद्यावरच्या कमलासारखी व्हायला नको का? त्यासाठी आधी तिला मारायचं, मग म्युटंट म्हणून उठवायचं. ती म्हणाली, “मॅडम, दिवाळीच्या आत.”

२६ जुलैला ‘हेलफायर गाला’चा अंक आला आणि कमला उठली. म्युटंट म्हणून.

जगभरच्या चाहत्यांनीही हाच हिशेब मांडला होता, त्यामुळे आमच्या मुलीने एकटीने शोध लावला असं मी म्हणणार नाही. तिने कुठे ऐकलंही असेल. पण तिने तो पायरीपायरीने सांगितला, पुराव्यासकट. उर्दूतला ‘क़ियास’ आणि मराठीतला ‘कयास’ हा एकच शब्द आहे. कयासाला आधार लागतो, नुसत्या गुमानाला लागत नाही. निबंधात मी वर्षभर घसा कोरडा करून जे शिकवते, ते मधल्या सुट्टीत फुकट चाललेलं होतं.

मात्र एक गोष्ट मला खटकली. पहिला कयास गोष्टीवरून बांधलेला होता, तो चुकला. दुसरा दुकानाच्या गल्ल्यावरून बांधलेला होता, तो बरोबर निघाला. चौदा वर्षांच्या मुलांना हे कळावं, यात मला चांगलंही दिसतं. आपल्याला काय विकलं जातंय हे त्यांना ओळखता येतं. पण एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मरताना तरी कमलाला तिचा चेहरा ठेवायचा होता. दुसऱ्याच्या गोष्टीत, दुसरीच्या तोंडाने मेली.” परत येणार हे कळलं म्हणून हे दुःख कमी होत नाही. ज्या मुलीत आमच्या पोरींना आपलं घर दिसलं, तिची मौत कुणाच्या तरी वेळापत्रकात बसवायची म्हणून उरकली, ही तक्रार मला रास्त वाटते.

गल्ला काही आजचा नाही. १९८८ मध्ये बॅटमनचा साथीदार जेसन टॉड जगावा की मरावा, हे प्रकाशकांनी वाचकांच्या फोनवर सोडलं. प्रत्येक फोनला पैसे पडत. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर फोनांनी पोरगा गेला.

आणि आपल्या उर्दूवाल्या घरांत इब्ने सफी यांना कोण विसरेल? त्यांचा इमरान बाहेरून बावळट, आतून गुप्त खात्याचा प्रमुख एक्स-टू. त्याचेच हाताखालचे लोक एक्स-टूला टरकून असतात आणि इमरानची टिंगल करतात. १९६० ते १९६३ इब्ने सफी आजारी होते, लेखन बंद. माझे अब्बा सांगायचे, मिरजेत तेव्हा चहाच्या टपरीवर इमरानचं पुढे काय होणार यावर तासन्‌तास बोलणं चालायचं. त्या काळात मिळत्याजुळत्या नावांनी नकली कादंबऱ्या निघाल्या, पण अब्बा म्हणायचे की चार पानांत नकली कळायचं, कारण इमरान असं बोलूच शकत नाही. नोव्हेंबर १९६३ मध्ये ‘डेढ़ मतवाले’ आली आणि खरा इमरान परतला. अब्बांच्या पिढीचा सगळा कयास पात्राच्या स्वभावावर होता. मला तो अजूनही वरच्या दर्जाचा वाटतो.

म्हणून मी वर्गाला सध्या एकच काम दिलं आहे. जून २०२३ मध्येच ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा सिनेमा मराठीतही आला होता, बऱ्याच मुलांनी तो पाहिलाय. त्यात मुंबईसारख्या ‘मुंबॅटन’ शहराचा पवित्र प्रभाकर आहे, जो २००४ मध्ये इथल्या चित्रकथेत जन्मला. सिनेमा अर्ध्यावर संपतो. मिगेल नावाचा प्रमुख सांगतो की इन्स्पेक्टर सिंग मरणं अटळ होतं. माइल्सने त्यांना वाचवलं म्हणून शहराला भगदाड पडलं. एका मुलाने विचारलंच, “मॅडम, ही तकदीर झाली ना?” मी म्हटलं, तकदीर अल्लाहकडे, हा मिगेल तर स्वतःच घाबरलेला माणूस. पुढचा भाग २०२४ च्या मार्चमध्ये येणार होता, तो लांबला, त्यामुळे आम्हाला वेळच वेळ मिळाला. पुढे काय होईल ते वहीत लिहायचं, पण आधार फक्त पडद्यावर दिसलेल्या गोष्टींचा. सिनेमाची तारीख, खेळणी, जाहिरात काही चालणार नाही.

त्या न बोलणाऱ्या मुलीने लिहिलंय: भगदाड पडण्याच्या जरा आधी ‘स्पॉट’ त्याच शहरातल्या यंत्रात शिरला होता, मग दोष सिंग वाचल्याचा कशावरून? मिगेलने फक्त एकदाच शहर बुडताना पाहिलंय, एका उदाहरणावरून नियम होत नाही. सिंग जगतील. खाली मी लाल शाईने ‘पाहू’ असा शेरा दिला आहे.