पत्त्यांच्या डावातून किरणांच्या मात्रेकडे

फुफ्फुसाच्या कर्करोगावर किरणोपचार करताना एक अवघड हिशेब मांडावा लागतो. गाठीला पुरेशी मात्रा मिळाली पाहिजे, पण जवळच्या मज्जारज्जूला झेपेल त्याहून जास्त मिळता कामा नये. किरणांच्या वाटेत कुठे हाड येते, कुठे हवेने भरलेले फुफ्फुस. प्रत्येक ठिकाणी किरण वेगळ्या तऱ्हेने विखुरतात. सगळे शरीर पाण्यासारखे मानणारी सोपी सूत्रे इथे चुकतात.

या अडचणीवरचा एक उपाय अणुसंशोधनातून आला. १९४६ मध्ये गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम मेंदूला सूज येऊन गंभीर आजारी पडले. बरे होताना ते एकट्याने पत्त्यांचा डाव मांडत. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढणे फार किचकट होते. त्यापेक्षा शंभर डाव खेळून त्यातले किती सुटले ते मोजले तर? अणुकेंद्रके फोडत जाणाऱ्या न्यूट्रॉनचा हिशेबही असाच करता येईल, हे त्यांच्या लक्षात आले. जॉन फॉन नॉयमन यांनी ही कल्पना संगणकासाठी मांडली आणि १९४८ मध्ये ‘एनिअ‍ॅक’ संगणकावर तशी गणिते झाली. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणावरून या पद्धतीला ‘माँटे कार्लो’ हे नाव पडले.

यात संगणक एकेका कणाचा प्रवास रंगवतो. कण कुठे धडकेल, शोषला जाईल की वळेल, हे जणू फासा टाकून ठरते. मात्र प्रत्येक शक्यता किती, याला प्रयोगांतून मिळालेल्या मोजमापांचा आधार असतो. असे लाखो-कोट्यवधी प्रवास एकत्र केले की विश्वासार्ह चित्र उभे राहते. अनिश्चितता निम्मी करायची तर चौपट कण मोजावे लागतात. अणुभट्टीभोवतीची संरक्षक भिंत किती जाड हवी, हे याच पद्धतीने काढतात. किरणोपचारात न्यूट्रॉनऐवजी क्ष-किरणांच्या कणांचा माग काढला जातो, एवढाच फरक.

पण संगणकाला रुग्णाचे शरीर कळते ते सीटी स्कॅनवरून. शरीरातल्या धातूमुळे स्कॅन बिघडले, तर कितीही कण मोजले तरी उत्तर चुकू शकते. म्हणूनच यंत्राचे आणि हिशेबाचे काम प्रत्यक्ष मोजमाप घेऊन पडताळले जाते. रुग्णाचाही यात वाटा आहे. शरीरात बसवलेली धातूची पट्टी किंवा पेसमेकर, आधी घेतलेले किरणोपचार आणि उपचारादरम्यान घटलेले वजन, हे सारे डॉक्टरांना न विसरता सांगावे. स्कॅनच्या वेळी ज्या स्थितीत झोपवले होते, त्याच स्थितीत रोज स्थिर राहावे. हिशेब त्याच शरीराचा, त्याच स्थितीत केलेला असतो.